फिजिओथेरपी : बारावीनंतरचा एक अभ्यासक्रम आणि त्यापुढच्या वाटा



नीटचा निकाल लागला की शाळेत, शेजारी, लग्नकार्यात एकच प्रश्न कानावर येतो. "सर, एमबीबीएसला काही नंबर लागत नाही. आता पुढं काय?" मग सायबर कॅफेत बसून अभ्यासक्रमांची यादी काढली जाते. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस... आणि यादीच्या तळाशी कुठेतरी बी.पी.टी.एच. हे नाव दिसते. "हे काय असतं? मालिशवाले का?" असे कुणीतरी विचारते. त्याचे उत्तर घरात कुणालाच नीट माहीत नसते आणि तरीही दोन दिवसांत पर्याय भरायचा असतो.

असा घाईत भरलेला पर्याय म्हणजे मुलाच्या आयुष्यातली साडेचार-पाच वर्षे आणि घरातले काही लाख रुपये असतात. म्हणून आजचा हा लेख. फिजिओथेरपी म्हणजे काय, त्यात काय शिकवतात, प्रवेश कसा मिळतो, पुढे काम कुठे मिळते आणि कोणत्या मुलाने या वाटेला जावे, हे सगळे आपण क्रमाने पाहू. हा विषय वर्गात कसा सांगता येईल, तेही मध्येच एका छोट्या पाठातून पाहू.

१. फिजिओथेरपी म्हणजे नेमके काय?

मराठीत याला भौतिकोपचार म्हणतात. औषध किंवा शस्त्रक्रियेऐवजी व्यायाम, हालचाल, हाताने केलेले उपचार, उष्णता, वीजप्रवाह, ध्वनिलहरी अशा भौतिक साधनांनी शरीराची हरवलेली हालचाल परत मिळवून देणे, हे त्याचे मुख्य काम. व्याख्या एवढीच. पण व्याख्येने मुलांना काही कळत नाही, म्हणून चार उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण आजीच्या गुडघ्याचे. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया एक-दोन तासांत होते. पण नवीन गुडघा बसवला म्हणजे आजी चालायला लागली असे होत नाही. शस्त्रक्रियेनंतर लवकरच तिला वॉकर धरून उभे करणे, मांडीच्या पुढच्या स्नायूंना पुन्हा कामाला लावणे, गुडघा रोज थोडा थोडा वाकवणे, जिना चढताना कोणता पाय आधी टाकायचा ते शिकवणे, हे काम पुढे कित्येक आठवडे चालते. हे काम नीट झाले नाही तर चांगली झालेली शस्त्रक्रियासुद्धा वाया जाते.

दुसरे उदाहरण पक्षाघाताचे, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो त्याचे. मेंदूचा काही भाग रक्ताअभावी निकामी होतो आणि शरीराची एक बाजू लुळी पडते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण मेंदूत एक गुण आहे. योग्य हालचाल पुन्हा पुन्हा केली तर शिल्लक राहिलेला भाग नवीन जोडण्या तयार करून ते काम शिकू शकतो. कुशीवर वळणे, बसणे, तोल सांभाळणे, उभे राहणे, पाऊल टाकणे... लहान बाळ शिकते त्याच क्रमाने साठ वर्षांच्या माणसाला पुन्हा शिकवावे लागते.

तिसरे उदाहरण अतिदक्षता विभागातले. हृदयाची बायपास झालेल्या रुग्णाला छाती दुखते म्हणून तो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग फुप्फुसात कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. छातीशी उशी धरून खोकायला शिकवणारा, श्वासाचे व्यायाम करून घेणारा माणूस हाही फिजिओथेरपिस्टच असतो. हाडांशी काही संबंध नसलेली ही फिजिओथेरपी बऱ्याच पालकांना माहीतच नसते.

चौथे उदाहरण लहान मुलाचे. सेरेब्रल पाल्सी असलेले बाळ वेळेवर मान धरत नाही, बसत नाही. त्याच्याशी खेळता खेळता त्याचे स्नायू आणि तोल घडवणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे. या कामात आई ही अर्धी फिजिओथेरपिस्ट होते, कारण रोजचे व्यायाम तीच करून घेते. तिला ते शिकवणे हाही उपचाराचाच भाग.

आता लक्षात आले असेल की मालिश हा या सगळ्यातला एक लहानसा तुकडा आहे.

२. थोडा इतिहास

इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मालिश करणाऱ्यांची एक संस्था काढली. आजच्या तिथल्या फिजिओथेरपी संघटनेची सुरुवात तिथून झाली. पुढे पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेले, जखमी झालेले हजारो सैनिक परत आले आणि त्यांना उभे करण्यासाठी या विद्येची गरज एकदम वाढली. ८ सप्टेंबर १९५१ रोजी जागतिक संघटना स्थापन झाली. म्हणून ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन म्हणून पाळतात. तारीख वहीत टिपून ठेवा, शाळेतल्या परिपाठाला उपयोगी पडेल.

आपल्याकडे हे शिक्षण आले ते पोलिओमुळे. मुंबईत पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांची संख्या मोठी होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना, भारत सरकार आणि मुंबई महापालिका यांच्या सहकार्याने परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. देशातली ही पहिली शाळा आपल्या मुंबईतली! १९५५ मध्ये भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटनाही स्थापन झाली.

देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या आजारासाठी ही विद्या आली तो आजार गेला, पण काम मात्र वाढले. का? कारण माणसे जास्त जगू लागली. मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात वाढले. रस्त्यावरचे अपघात वाढले. दिवसभर खुर्चीत बसून मान-पाठ धरलेले तरुण वाढले. बालवयातल्या एका आजाराची जागा सगळ्या वयांच्या अनेक दुखण्यांनी घेतली.

मुलांना गोष्ट सांगायची तर मुरलीकांत पेटकर यांची सांगा. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. कमरेखालची ताकद गेली. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. मुळात पॅरालिम्पिकचा जन्मच इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात झाला. तिथे डॉ. लुडविग गुटमन मणक्याच्या रुग्णांना खेळ हाच उपचार म्हणून देत. १९४८ साली त्यांनी रुग्णालयाच्या आवारात भरवलेल्या स्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले.

३. वर्गात घेता येईल असा एक पाठ : आपला हात म्हणजे तरफ

विज्ञानाच्या पुस्तकात तरफेचा धडा असतो. टेकू, भार आणि बल. मुले कात्री, अडकित्ता, चिमटा अशी उदाहरणे पाठ करतात. पण सगळ्यात जवळचे उदाहरण त्यांच्या खांद्याला लटकलेले असते!

एका मुलाला कोपर काटकोनात वाकवून तळहातावर दोन किलोचे दप्तर धरायला सांगा. आता फळ्यावर आकृती काढा.

- कोपर हा टेकू.
- दप्तर हा भार. तो कोपरापासून साधारण ३५ सेंटिमीटरवर आहे.
- दंडातला पुढचा स्नायू हे बल. तो कोपरापासून साधारण ५ सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला आहे.

बल मध्ये आणि भार टोकाला, म्हणजे ही तिसऱ्या प्रकारची तरफ झाली. आता गणित करू. भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा. २ × ३५ = ७०. बलभुजा ५, म्हणून ७० ÷ ५ = १४. हाताचे स्वतःचे वजन सोडून दिले तरी दोन किलो धरायला स्नायूला चौदा किलो वजनाइतका जोर लावावा लागतो.

आता त्याच मुलाला दप्तर छातीजवळ ओढून धरायला सांगा. "हलकं वाटतं का?" हो म्हणेल. का? भारभुजा कमी झाली. पाण्याचा हंडा कमरेवर घेतात, पसरलेल्या हातांवर घेत नाहीत, त्यामागे हेच गणित आहे. पाठीच्या कण्यालाही हाच नियम लागू होतो. म्हणून खाली वाकून लांबवरचे पोते उचलू नका, ते जवळ घ्या, गुडघे वाकवा आणि मग उचला, असे सांगतात.

दुसरा प्रयोग कंपासपेटीतल्या कोनमापकाचा. फिजिओथेरपिस्टकडे गोनिओमीटर नावाचे एक साधन असते. सोप्या भाषेत सांगायचे तर दोन पट्ट्या जोडलेला कोनमापक. त्याने सांधा किती अंश वाकतो ते मोजतात. निरोगी गुडघा साधारण १३५ अंशांपर्यंत वाकतो. समजा शस्त्रक्रियेनंतर एखाद्याचा गुडघा ९० अंशच वाकतो. मुलांना विचारा, "या माणसाला काय काय करता येईल आणि काय येणार नाही?" खुर्चीवर बसता येईल. पण मांडी घालून पंगतीत बसता येणार नाही. उकिडवे बसून खुरपणी करता येणार नाही. देशी पद्धतीच्या शौचालयात बसता येणार नाही.

इथेच या व्यवसायाचे मर्म आहे. निवृत्त कारकुनाला ९० अंशांवर समाधान मिळेल. रानात खुरपायला जाणाऱ्या बाईला त्यावर पोट भरता येणार नाही. आकडा एकच, पण दोघांचा उपचार आणि सल्ला वेगळा. गोनिओमीटर वाचता येणे सोपे आहे, समोरच्या माणसाचे आयुष्य वाचता येणे अवघड. चांगला फिजिओथेरपिस्ट पहिला प्रश्न विचारतो तो हाच : "तुम्हाला परत काय करता यायला हवंय?"

४. पदवीला काय शिकवतात?

महाराष्ट्रात पदवीचे नाव बॅचलर ऑफ फिजिओथेरपी, म्हणजे बी.पी.टी.एच. इतर राज्यांत तीच पदवी बी.पी.टी. नावाने ओळखतात. बहुतेक महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. काही अभिमत विद्यापीठांची स्वतःची महाविद्यालयेही आहेत.

आतापर्यंत हा अभ्यासक्रम चार वर्षे अधिक सहा महिन्यांची इंटर्नशिप असा साडेचार वर्षांचा राहिला आहे. केंद्रीय आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नव्या अभ्यासक्रमात तो एक वर्षाच्या इंटर्नशिपसह पाच वर्षांचा आहे. तुमच्या पाल्याच्या वर्षाला कोणता लागू आहे ते प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच पुढे जा.

ढोबळमानाने अभ्यास असा चढत जातो :

सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे पायाचे विषय. प्रत्येक स्नायू कुठून निघतो, कुठे जोडला जातो, त्याला कोणती नस जाते, हे सगळे तोंडपाठ पाहिजे. बारावीचे जीवशास्त्र घोकून पास झालेले मूल इथे अडखळते.

नंतर शरीराच्या हालचालींचे यांत्रिकी शास्त्र. यात भौतिकशास्त्र परत भेटते, वर पाहिलेली तरफ, घर्षण, गुरुत्वमध्य, सगळे. शिवाय रोगनिदानशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्राची ओळख, मानसशास्त्र आणि व्यायामोपचार, विद्युत उपचार यांची प्रात्यक्षिके. ही प्रात्यक्षिके मुले एकमेकांवरच करतात.

त्यापुढे अस्थिरोग, शल्यचिकित्सा, मेंदूविकार, हृदय व श्वसनविकार, बालरोग, स्त्रीरोग यांचा अभ्यास आणि रुग्णांची तपासणी.

शेवटी हाडे-स्नायू, मेंदू-मज्जासंस्था, हृदय-श्वसन आणि सामुदायिक आरोग्य या चारही अंगांनी प्रत्यक्ष उपचार. मग इंटर्नशिप.

पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असते. त्यात हाडे-स्नायू, मेंदू-मज्जासंस्था, हृदय-श्वसन, क्रीडा, बालरोग, सामुदायिक अशा शाखा निवडता येतात. त्यानंतर पीएच.डी.ही करता येते.

आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षाला असताना शाळेत आली होती. दहावीच्या मुलांनी तिला विचारले, "ताई, अवघड काय असतं?" ती म्हणाली, "पाठांतर अवघड नाही रे. एक आजोबा तीन आठवडे तोच हात उचलायचा प्रयत्न करतात आणि हात हलत नाही. चौथ्या आठवड्यातपण तितक्याच उमेदीनं 'आजोबा, पुन्हा एकदा' म्हणायचं, ते अवघड." वर्ग एकदम शांत झाला. करिअर मार्गदर्शनाच्या कोणत्याही पुस्तकात हे वाक्य मला सापडले नसते.

५. प्रवेश कसा होतो?

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अकरावीतच ठरते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. "गणित ठेवू, जीवशास्त्र सोडून देऊ" असा निर्णय घेतलेल्या मुलासाठी हे दार बंद होते. म्हणून दहावीच्या शिक्षकांनी हे दहावीच्या निकालाआधीच सांगायला हवे.

महाराष्ट्रात या पदवीचा प्रवेश नीटच्या गुणांच्या आधारे राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होतो. किमान गुण, वय, आरक्षण यांचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, पुस्तिका स्वतः उघडून वाचा.

कागदपत्रांची तयारी बारावीच्या वर्षातच करा. अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला. गुण असूनही केवळ वैधता प्रमाणपत्र वेळेत आले नाही म्हणून जागा गेलेली मुले दरवर्षी दिसतात.

फीचे गणितही आधीच मांडा. सरकारी व महापालिका महाविद्यालयांत फी कमी, पण जागा थोड्या. मुंबईत केईएम, नायर आणि सायन या महापालिका रुग्णालयांशी जोडलेल्या संस्था आहेत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हा अभ्यासक्रम आहे. खाजगी महाविद्यालयात फी जास्त, अभिमत विद्यापीठात बहुधा त्याहून जास्त.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ पासून लागू केला. ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशाला आहे. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ती नाही. म्हणजे "थांबू नका, आत्ताच पैसे भरा, सीट पक्की" असे कुणी फोनवर सांगत असेल, तर त्या घाईची किंमत संपूर्ण फीइतकी असू शकते.

६. महाविद्यालय निवडताना विचारायचे प्रश्न

इमारत आणि बाग पाहून परत येऊ नका. हे विचारा :

- महाविद्यालयाचे स्वतःचे रुग्णालय आहे का? रोज किती रुग्ण येतात? ही विद्या रुग्णांच्या हाताला हात लावूनच येते.
- अतिदक्षता विभाग, मेंदूविकार, बालरोग या विभागांत विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम मिळते का?
- इंटर्नशिपला विद्यावेतन मिळते का?
- विद्यापीठाची संलग्नता आणि नोंदणीसाठीची मान्यता कागदावर दाखवतात का?
- शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलांशी एकट्याने बोलू देतात का?

आणि एक इशारा. "सहा महिन्यांत फिजिओथेरपिस्ट बना" अशा पाट्या गावोगावी दिसतात. पदवी घेऊन राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी केल्यावरच महाराष्ट्रात हा व्यवसाय करता येतो. शिवाय २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीसह अनेक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला आहे. छोट्या प्रमाणपत्राने फार तर मदतनीस होता येईल.

७. पदवीनंतर कुठे कुठे काम मिळते?

रुग्णालये. अस्थिरोग, मेंदूविकार, हृदयविकार, अतिदक्षता, भाजलेले रुग्ण, बाळंतपणाआधी आणि नंतरची काळजी, अशा सगळ्या विभागांत.

स्वतःचे क्लिनिक. तालुक्याच्या गावात अजूनही चांगल्या फिजिओथेरपिस्टची वाण आहे. मात्र जम बसायला काही वर्षे लागतात.

घरी जाऊन उपचार. पक्षाघाताचे, अंथरुणाला खिळलेले, वयस्क रुग्ण. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आणि आईवडील घरी, अशी घरे आता खेड्यातही आहेत.

खेळ. संघांबरोबर, अकादमीत, कबड्डी-कुस्तीच्या केंद्रांत. मुलांना याचेच आकर्षण सर्वांत जास्त असते, पण जागा मोजक्या असतात आणि बहुधा क्रीडा शाखेतली पदव्युत्तर पदवी लागते.

विशेष मुलांसाठी. विशेष शाळा, स्वयंसेवी संस्था, जिल्ह्यातली शीघ्र हस्तक्षेप केंद्रे, समग्र शिक्षा अभियानातले समावेशित शिक्षण. आपल्या शाळेतल्या दिव्यांग मुलांसाठी येणाऱ्या थेरपिस्ट मॅडम बहुतेकांनी पाहिल्या असतील.

सैन्याशी जोडलेली पुनर्वसन केंद्रे. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला मणक्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे.

उद्योग व कार्यालये. खुर्ची-टेबल, संगणकाची उंची, कारखान्यात वजन उचलण्याची पद्धत यावर सल्ला.

अध्यापन व संशोधन. यासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक.

परदेश. मागणी आहे, पण भारतीय पदवी घेऊन थेट काम करता येत नाही. अमेरिकेत पदवीचे मूल्यांकन करून राष्ट्रीय परवाना परीक्षा द्यावी लागते. तिथली या व्यवसायाची पदवीच आता डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी ही आहे. इंग्लंडमध्ये तिथल्या आरोग्य व्यवसाय परिषदेकडे नोंदणी, ऑस्ट्रेलिया-कॅनडात मूल्यांकन आणि परीक्षा, आखाती देशांत तिथला परवाना लागतो. वेळ आणि पैसा दोन्ही लागतो, तेव्हा "पदवी झाली की लगेच परदेश" असे कुणी सांगितले तर सावध राहा.

८. आता थोडे स्पष्ट बोलू

करिअरचे लेख बहुधा गोड बोलून संपतात. पण मूल आपले आहे, तेव्हा कडूही बोलले पाहिजे.

पदवीनंतरचा पहिला पगार बहुतेक ठिकाणी कमी असतो. खाजगी महाविद्यालयाची फी आणि तो पगार शेजारी ठेवून पाहा. मोठे कर्ज काढून घेतलेल्या या पदवीचा हप्ता सुरुवातीच्या पगारातून फिटेलच असे नाही. ज्या घराला चार वर्षांनंतर लगेच मोठी कमाई हवी आहे, त्यांनी शांतपणे विचार करावा. अनुभव, पदव्युत्तर शिक्षण किंवा स्वतःचा जम, यातले काहीतरी झाले की चित्र बदलते.

काम शरीराला थकवणारे आहे. दिवसभर उभे राहायचे, ऐंशी किलोच्या रुग्णाला खाटेवरून उठवायचे, त्याच्याबरोबर चालायचे.

मानाचा प्रश्नही आहे. नावापुढे 'डॉ.' लावावे की नाही यावर देशात बरीच वर्षे वाद आहे आणि तो न्यायालयांपर्यंत गेला आहे. फिजिओथेरपिस्ट औषधे लिहून देत नाही, शस्त्रक्रिया करत नाही. ज्या पालकांना मुलाच्या नावापुढची अक्षरे हवी आहेत म्हणून ही पदवी हवी आहे, त्यांची निराशा होऊ शकते. ज्या मुलाला हे काम हवे आहे, त्याला या वादाने फरक पडत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून नाइलाजाने इथे आलेले मूल मनाने बरेच दिवस इथे नसतेच. पहिले वर्ष "मी पुन्हा नीट देणार" यातच जाते. तिकडचे होत नाही आणि इकडचा पाया कच्चा राहतो. म्हणून यादी भरण्याआधी मुलाला एक दिवस एखाद्या फिजिओथेरपी विभागात, परवानगी घेऊन, नुसते बसू द्या. संध्याकाळी घरी आल्यावर ते काय सांगते ते ऐका. "कंटाळा आला" म्हणाले तर तेही उत्तरच आहे.

९. कोणते मूल या वाटेवर रमेल?

हे आपण शिक्षकच चांगले ओळखू शकतो. गुणपत्रिकेबाहेरच्या काही खुणा पाहा :

- मागे पडलेल्या मित्राला तेच गणित चौथ्यांदा न चिडता समजावणारे मूल.
- खेळाच्या तासाला पडलेल्याकडे आधी धावणारे मूल.
- म्हाताऱ्या माणसांशी सहज गप्पा मारणारे मूल.
- आकृती काढायला, वस्तू उघडून "हे कसं चालतं" पाहायला आवडणारे मूल.
- दुसऱ्याच्या शरीराला हात लावताना न किळसणारे आणि मर्यादा पाळणारे मूल.

यातल्या तीन-चार खुणा दिसल्या तर त्या मुलाला बोलावून या क्षेत्राची माहिती द्या. आणि याच्या शेजारच्या वाटाही सांगा. रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारी व्यवसायोपचार ही शाखा, कृत्रिम हात-पाय व आधारपट्ट्या तयार करणारी शाखा, वाचा व श्रवण यांची शाखा. या सगळ्या वेगळ्या पदव्या आहेत आणि त्यांतही माणसे कमीच आहेत.

१०. शिक्षकांसाठी उपक्रम

१. ८ सप्टेंबरच्या आठवड्यात गावातल्या किंवा तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टला वर्गात बोलवा. भाषण नको, मुलांनीच प्रश्न विचारावेत.

२. आठवी ते दहावीच्या मुलांना दोघांच्या जोड्या करून कोनमापकाने एकमेकांच्या कोपराचा आणि गुडघ्याचा कोन मोजायला सांगा. तक्ता करा. जोर लावून वाकवायचे नाही, ही सूचना आधी द्या.

३. घरातल्या आजी-आजोबांना "तुम्हाला आता कोणतं काम करता येत नाही?" हा प्रश्न विचारून दहा ओळी लिहून आणायला सांगा. या दहा ओळी वाचताना तुम्हाला गावाचे आरोग्यही कळेल आणि कोणते मूल मन लावून ऐकते तेही कळेल.

पालकहो, पर्याय भरायच्या आदल्या रात्री नव्हे, अकरावीचे विषय निवडतानाच हा लेख पुन्हा एकदा मुलाबरोबर बसून वाचा. त्याला विचारा, ऐका आणि मग ठरवा. तुमच्या गावात, घरात कुणी या क्षेत्रात असेल तर त्यांच्याशी मुलाची भेट घालून द्या. ते तासभर बोलले तर आमच्या लेखापेक्षा जास्त शिकवून जातील.